ओल्या, खारवट मातीत मेटल डिटेक्टर का फसतो?

गोव्यातून चोर्ला घाट चढून बेळगावला जाताना तांबडा जांभा सोबत करतो. पुढे निपाणीच्या दिशेने जमीन काळी होत जाते. कृष्णाकाठच्या अथणी, रायबाग, चिकोडी तालुक्यांत तर उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे काही शिवारे क्षारपड झाली आहेत. सोने किंवा पुरलेली नाणी शोधणाऱ्या मेटल डिटेक्टरला या तिन्ही मातींचा त्रास होतो. मात्र सर्वांत फसवी असते ती ओली, खारवट माती. तिथे सोने नसतानाही यंत्र सोने असल्यासारखाच आवाज करते.

यंत्राच्या चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकक्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातू आला, की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उमटतात आणि त्यांचे क्षीण चुंबकक्षेत्र यंत्र टिपते. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही. पाण्यात विरघळलेले मीठ मात्र नेते. समुद्राच्या पाण्यापेक्षा सोने सुमारे ८० लाख पट चांगले विद्युतवाहक आहे. तरीही खारे पाणी यंत्राला चकवते, कारण सोन्याचा कण गव्हाच्या दाण्याएवढा असतो आणि चकतीखाली ओली माती मात्र घमेलीच्या घमेली असते.

दोन अडथळे, दोन उपाय

निपाणीची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनली आहे. त्यातील मॅग्नेटाइटचे कण चुंबकक्षेत्राला तत्काळ प्रतिसाद देतात. खारट ओलाव्याचा प्रतिसाद मात्र पाव आवर्तनाने मागे राहतो आणि सोन्याच्या बारीक कणाचा प्रतिसादही जवळपास तिथेच येतो. एकाच वारंवारितेवर चालणाऱ्या यंत्राला मातीशी जुळवून घेताना या दोहोंपैकी एकच अडथळा नीट वजा करता येतो. लोहकण वजा केले तर मीठ बोलते. मीठ वजा केले तर त्यासोबत बारीक सोनेही गप्प होते.

बारीक सोन्यासाठी बनवलेली यंत्रे बहुधा १५ ते ७० किलोहर्ट्झ अशा चढ्या वारंवारितेवर चालतात. वारंवारिता जितकी चढी, तितका मिठाचा गोंगाट अधिक. म्हणून आधुनिक यंत्रे एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरतात आणि त्यांच्या प्रतिसादांतील फरकावरून लोहकण व मीठ वेगळे काढतात.

दुसरा मार्ग स्पंद पद्धतीचा. त्यात चकतीतील प्रवाह एकदम तोडला जातो आणि मागे उरणारा प्रतिसाद मोजला जातो. मिठाचा प्रतिसाद काही मायक्रोसेकंदांतच विरतो. त्यामुळे मोजणी थोडी उशिरा सुरू केली की गोंगाट थांबतो. मात्र सोन्याच्या लहान कणाचा प्रतिसादही तेवढ्यातच विरलेला असतो. जांभ्यात तर आणखी एक अडचण येते: त्यातील अतिसूक्ष्म लोहकणांचे चुंबकत्व सावकाश ओसरते आणि उशिरा केलेल्या मोजणीतही ते डोकावते.

थोडक्यात, खारवट मातीत यंत्राची शांतता फुकट मिळत नाही. तिची किंमत बारीक सोन्याने चुकवावी लागते.

खरा आवाज कसा ओळखावा?

जाणकार अशा जमिनीत संवेदनशीलता कमी करतात, लहान चकती वापरतात आणि ती जमिनीपासून एकसमान उंचीवर, सावकाश फिरवतात. धातूचा आवाज नेमका, आटोपशीर असतो; चकती डावीकडून नेली काय किंवा उजवीकडून, तो एकाच जागी येतो. मिठाचा आवाज पसरट असतो, चकती किंचित वर-खाली होताच बदलतो आणि ओलीनुसार सरकतो. शक्य असेल तर जमीन वाळेपर्यंत थांबणे हा सर्वांत सोपा उपाय.

निपाणीच्या शिवारात यंत्र वाजले म्हणून नैसर्गिक सोने मिळेल, ही आशाही फोल आहे. कर्नाटकातील हट्टीचे आणि २००१ साली बंद पडलेल्या कोलारच्या खाणींतील सोने अतिप्राचीन खडकांतील गारेच्या शिरांत आढळते. निपाणी भागातील बेसाल्ट हा त्यामानाने पुष्कळ नंतरच्या लाव्हारसाचा खडक. त्यात अशा शिरा नाहीत. तिथे बहुधा निघतात ते खिळे, बाटल्यांची झाकणे, नांगराचे तुटके फाळ.

गुप्तधनाच्या मोहाला कायद्याचीही वेस आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कर्नाटकाने याच विषयावर १९६२ साली स्वतंत्र कायदा केला. बेळगाव किल्ल्यातील कमल बस्तीसारख्या संरक्षित वास्तूंच्या परिसरात परवानगीविना खोदकाम हा गुन्हा आहे. बेळगावलगतच्या वडगाव-माधवपूर येथे उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले, ते मातीचा एकेक थर नोंदवत केलेल्या कामामुळे. पसरट आवाजावर विसंबून मारलेली एक कुदळ तो थर कायमचा विस्कटते आणि हाती येतो तो केवळ खारा चिखल.