ड्राइव्ह रिकामा दिसतोय? घाबरण्याआधी बघा, अकाउंट कोणतं चालू आहे



मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी साडेसातला एका ताईंचा फोन आला. पापड, सांडगे आणि शेंगदाण्याची चटणी असा त्यांचा घरगुती व्यवसाय आहे. आवाज रडवेला. "सर, माझं सगळं गेलं हो. ड्राइव्ह रिकामा झाला."

सगळं म्हणजे काय, तर तीन वर्षांची ऑर्डरची शीट. कोणत्या गिऱ्हाइकाला किती किलो, कुणाचे पैसे यायचेत, एका किलोला खर्च किती पडतो. शिवाय लेबलचं डिझाइन आणि फूड लायसन्सची कॉपी. आदल्या दिवशीच त्यांनी नवीन फोन घेतला होता आणि दुकानातल्या मुलाने तो 'सेट करून' दिला होता. जुना फोन एक्स्चेंजमध्ये जायचा होता, पण त्याचा चार्जर घरी राहिला म्हणून दुकानदाराने "उद्या आणा" सांगितलं. तो फोन अजून पिशवीतच होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मी म्हटलं, "ताई, ड्राइव्ह उघडा. वर उजव्या कोपऱ्यात छोटा गोल आहे, फोटो किंवा अक्षर असलेला. त्याच्यावर दाबा. कोणता ईमेल दिसतो?"

त्यांनी वाचून दाखवला. मग थोडं थांबून म्हणाल्या, "सर, नाव माझंच आहे, पण पुढचे आकडे वेगळे आहेत."

म्हणजे डिलीट काहीच झालेलं नव्हतं. दुकानातल्या मुलाला जुन्या जीमेलचा पासवर्ड माहीत नव्हता, ताईंना आठवत नव्हता, मागे गिऱ्हाइकांची रांग. त्याने पटकन नवीन जीमेल काढून फोन चालू करून दिला. ड्राइव्हचं ॲप त्या नव्या अकाउंटला जोडलं गेलं आणि नवीन अकाउंटमध्ये काय असणार? काहीच नाही.

बघा, आपण म्हणतो "माझ्या फोनमधला ड्राइव्ह". पण फाइल फोनमध्ये नसते, ॲपमध्येही नसते. ती असते अकाउंटमध्ये. ॲप म्हणजे नुसता दरवाजा. तोच दरवाजा वेगळ्या किल्लीने उघडला की वेगळं गोडाऊन दिसतं. म्हणून फाइल दिसेना झाली की पहिला प्रश्न "कुठे गेली?" असा विचारू नका. "मी आत्ता कोणत्या अकाउंटमध्ये उभा आहे?" हा विचारा.

एकाच फोनमध्ये तीन अकाउंट कशी होतात

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आत्ता दोन-तीन जीमेल असतील. एक पहिल्या फोनच्या वेळचं, भाच्याने काढून दिलेलं. दुसरं व्यवसायाच्या नावाचं, मोठ्या हौसेने काढलेलं. तिसरं कशासाठी काढलं? तर "जागा संपली" असा मेसेज यायला लागला म्हणून! गूगलच्या एका अकाउंटला 15 जीबी जागा फुकट मिळते आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही येतात. 1 जून 2021 पासून फोटोही त्यातच मोजले जातात. आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत धरतात. मग मालाचे फोटो काढून काढून जागा भरते आणि आपण नवीन अकाउंट उघडून मोकळे होतो. जुन्यात काय राहिलं, ते मात्र कुठे लिहून ठेवत नाही.

यातली खरी गंमत अशी की एकाच फोनमध्ये ड्राइव्ह एका अकाउंटला, फोटोंचा बॅकअप दुसऱ्याला आणि व्हॉट्सॲप तिसऱ्याला जोडलेलं असू शकतं. म्हणून एकदा ड्राइव्ह बघितला की झालं, असं समजू नका. तिन्ही ठिकाणी बघायचं.

ड्राइव्हचं वर सांगितलंच. तो गोल दाबला की चालू असलेला ईमेल सगळ्यात वर दिसतो आणि फोनमधली बाकीची अकाउंट त्याच्या खाली. दुसऱ्यावर दाबा, त्याच्या फाइल उघडतील. फोटोमध्येही तोच गोल दाबा, पण तिथून सेटिंग्जमध्ये जाऊन 'बॅकअप' उघडा. बॅकअप कोणत्या अकाउंटला जातोय ते तिथे लिहिलेलं असतं.

व्हॉट्सॲप मात्र नीट बघा, कारण आपला निम्मा धंदा तिथेच आहे. सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप. तिथे 'गूगल अकाउंट' असं लिहून खाली ईमेल दिसतो आणि शेवटचा बॅकअप कधी झाला तेही. नवीन फोनवर जुने चॅट परत आणताना तोच फोन नंबर आणि तोच गूगल अकाउंट लागतो. नंबर बरोबर आणि ईमेल दुसरा असेल, तर बॅकअप सापडतच नाही. कितीतरी लोक तिथे 'स्किप' दाबून पुढे जातात आणि गिऱ्हाइकांचे जुने मेसेज गमावून बसतात. घाईत स्किप करू नका हो!

आयफोनवाल्यांसाठी: सेटिंग्ज उघडली की सगळ्यात वर तुमचं नाव असतं. त्यावर दाबलं की ॲपलचं अकाउंट दिसतं. आयक्लाउड त्यालाच जोडलेलं असतं आणि तुमच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही तिकडेच जातो, गूगलला नाही.

कॉम्प्युटरवरची फसगत

कॉम्प्युटरवर काय होतं, की कॉम्प्युटर लावून देणारा माणूस विंडोज चालू करताना एखादं मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकतो. कधी तुमचं, कधी घाईत स्वतःचं. त्याबरोबर वनड्राइव्ह चालू होतं, आणि बऱ्याचदा तुमचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरसुद्धा त्याच्यात जायला लागतात. तुम्हाला वाटतं बिलाची एक्सेल फाइल डेस्कटॉपवर आहे. ती आहे, पण शिवाय कुणाच्या तरी वनड्राइव्हमध्येही आहे. कुणाच्या, ते बघा. खाली उजवीकडे घड्याळाजवळ ढगाचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा, चक्राचं चिन्ह दाबून सेटिंग्ज उघडा, तिथे 'अकाउंट'मध्ये ईमेल असतो. पांढरा ढग म्हणजे वैयक्तिक अकाउंट, निळा म्हणजे ऑफिसचं किंवा कॉलेजचं. नोकरी करत करत धंदा सुरू केलेल्यांनी हा निळा ढग नीट तपासा. नोकरी सोडली की कंपनी ते अकाउंट बंद करते, आणि त्यात ठेवलेली तुमच्या धंद्याची कोटेशनंही त्याच्याबरोबर जातात.

ड्रॉपबॉक्सचंही तसंच, अकाउंटच्या सेटिंग्जमध्ये ईमेल दिसतो. एक छोटी अडचण तेवढी सांगतो. आयफोनवर 'साइन इन विथ ॲपल' करताना 'हाइड माय ईमेल' निवडलं असेल, तर तिथे तुमचा ईमेल दिसतच नाही, काहीतरी विचित्र अक्षरांचा पत्ता दिसतो. तो चोराचा नाही, ॲपलनेच तुमच्यासाठी बनवलेला आहे. पुढच्या वेळीही ॲपलच्याच बटणाने आत जा. ईमेल टाकून नवीन अकाउंट काढत बसू नका.

ईमेलच आठवत नसेल तर?

ताईंचं हेच झालं होतं. जुना ईमेल नाव आणि काही आकडे, एवढंच आठवत होतं. गूगलच्या लॉगिनच्या पानावर 'ईमेल विसरलात?' असं असतं. तिथे मोबाइल नंबर आणि नाव टाकलं, ओटीपी भरला की त्या नंबराला जोडलेली अकाउंट दिसतात. आम्ही ते करून बघितलं. ताईंच्या नंबरवर फक्त नवीन अकाउंट आलं. जुन्याला त्यांचा हा नंबर जोडलेलाच नव्हता.

मग मी विचारलं, "ताई, त्या ड्राइव्हमधली एखादी फाइल तुम्ही कुणाला पाठवली होती का?" पाठवली होती. मार्चमध्ये, हिशेब बघणाऱ्या अकाउंटंटना. त्यांना फोन लावला आणि जीमेलमध्ये ताईंचं नाव शोधायला सांगितलं. ड्राइव्हवरून फाइल शेअर केली की समोरच्याला मेल जातो आणि त्यात पाठवणाऱ्याचा ईमेल असतो. दोन मिनिटांत पूर्ण पत्ता मिळाला! ही युक्ती लिहून ठेवा. तुमचा ईमेल तुम्ही विसरता, पण ज्यांना तुम्ही काही पाठवलंय त्यांच्याकडे तो असतो.

आता पासवर्ड. इथे जुना फोन कामाला आला. अकाउंट त्याच्यात आधीच उघडं होतं. गूगल ओळखीच्या फोनवर, ओळखीच्या जागी विश्वास जास्त ठेवतं. म्हणून पासवर्ड बदलायचं काम जुन्या फोनवरूनच करावं. ताईंनी चार्जर लावला, फोन चालू केला, स्क्रीन लॉक टाकून पासवर्ड बदलला आणि सेटिंग्जमध्ये रिकव्हरीचा नंबर बघितला. तो होता चार वर्षांपूर्वीचा, त्यांच्या मिस्टरांचा, केव्हाच बंद केलेला. असा बंद केलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देऊ शकते. म्हणजे ताईंच्या अकाउंटचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाला गेला असता. तिथे त्यांनी स्वतःचा नंबर टाकला.

तो फोन एक्स्चेंजमध्ये गेला असता, तर हे सगळं किती अवघड झालं असतं विचार करा. जुना फोन रिसेट करून देण्याआधी नवीन फोनवर ड्राइव्ह, फोटो आणि व्हॉट्सॲप तिन्ही उघडून डोळ्यांनी बघा. दुकानदाराची घाई त्याच्यापाशी.

अकाउंट सापडलं, पण नाव कुणाचं?

आता जरा नाजूक विषय. सापडलेलं अकाउंट तुमचंच असेल असं नाही. शेत तुम्ही कसता, पण सातबारा चुलत्याच्या नावावर, तसं होतं हे. एका टिफिनवाल्या मित्राचं मेन्यू कार्ड, फोटो, गिऱ्हाइकांची यादी सगळं डिझाइन करणाऱ्या मुलाच्या ड्राइव्हमध्ये होतं. मित्राला रोज उघडून दिसायचं, म्हणून त्याला ते आपलंच वाटायचं. मुलाने दुसरीकडे काम धरलं, स्वतःचा ड्राइव्ह साफ केला आणि याच्याकडचं गायब. त्या मुलाने मुद्दाम काही केलं नव्हतं. फाइल त्याची होती, त्याने पुसली.

तपासायला सोपं आहे. कॉम्प्युटरवर ड्राइव्ह उघडा. यादीत 'ओनर' असा रकाना असतो. तिथे 'मी' असेल तर फाइल तुमची. दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर तुम्ही पाहुणे. मग त्या माणसाला गोड बोलून शेअरच्या पर्यायातून मालकी तुमच्या नावावर करायला सांगा. तुम्हाला ती स्वीकारावी लागते, ते विसरू नका. तो फोन उचलत नसेल आणि फाइल अजून उघडत असेल, तर आजच 'मेक अ कॉपी' करा. ती कॉपी तुमच्या नावावर होते. फोल्डरची अशी कॉपी होत नाही, तो कॉम्प्युटरवर डाउनलोड करून घ्या.

हाच प्रकार जीएसटीच्या पोर्टलवरही होतो बरं का. रजिस्ट्रेशन करून देणारा सोयीसाठी स्वतःचा ईमेल आणि मोबाइल टाकतो. त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही, पण ओटीपी त्याला जातो. तो ईमेल आणि नंबर पोर्टलवर बदलता येतो. त्यावर सविस्तर व्हिडिओ करणार आहे.

आणि जुनं अकाउंट सापडलं पण आता लागत नाही म्हणून तसंच सोडलंत, तर एक नियम माहीत असू द्या. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट गूगल काढून टाकू शकतं, त्यातल्या फाइल आणि फोटोंसकट. 1 डिसेंबर 2023 पासून हे सुरू झालं आहे. अधूनमधून लॉगिन करा, किंवा कामाचं सगळं एका अकाउंटमध्ये आणा.

ताईंनी शेवटी नवीन फोनवर जुनं अकाउंट जोडलं आणि ऑर्डरची शीट उघडली. सगळ्यात वरची ओळ होती बारा किलो सांडग्यांची, दुसऱ्या दिवशी द्यायची. "सर, ठेवते फोन," म्हणाल्या, "सांडगे पॅक करायचेत." संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. ऑर्डरवहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलं होतं: ड्राइव्ह, फोटो, व्हॉट्सॲप, आणि प्रत्येकापुढे ईमेल. पासवर्ड नाही, फक्त ईमेल आणि रिकव्हरीचा नंबर. दुकानातल्या मुलाने काढलेला नवीन ईमेलही त्यांनी लिहिला होता. त्याच्यापुढे कंसात: 'हा नाही'.