वेबाधारित हलकी कार्यप्रणाली आणि महाविद्यालयातील मराठी दस्तऐवज

प्रस्तावना :
संगणकाची यंत्रसामग्री आणि वापरकर्ता यांच्यातील दुवा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात कार्यप्रणाली होय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य थांबले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे जुने संगणक सुस्थितीत असूनही मोडीत काढण्याची वेळ संस्थांवर आली आहे. मनवेलपाड्यासारख्या उपनगरी भागातील महाविद्यालयांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही. त्यावरील एक पर्याय म्हणजे वेबाधारित हलकी कार्यप्रणाली.

स्वरूप :
गुगलने जुलै २००९ मध्ये क्रोम ओएसची घोषणा केली व २०११ मध्ये तीवर चालणारी क्रोमबुक बाजारात आली. लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेल्या या प्रणालीत ब्राउझर हेच मुख्य कार्यस्थळ असते. लेखन, तक्ते, पत्रव्यवहार ही कामे इंटरनेटद्वारे चालतात आणि फाइली प्रामुख्याने दूरस्थ सर्व्हरवर, म्हणजेच क्लाउडमध्ये राहतात. त्यामुळे एक यंत्र बिघडले तरी काम दुसऱ्या यंत्रावर पुढे नेता येते. २०२२ मध्ये आलेली क्रोम ओएस फ्लेक्स ही आवृत्ती जुन्या संगणकांवरही बसवता येते. तिला किमान ४ जीबी मेमरी व १६ जीबी साठवण लागते.

मर्यादा :
इंटरनेट नसताना यातील मोजकीच कामे होतात. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. क्लाउडमधील जागाही कायम विनामूल्य राहतेच असे नाही. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करून गुगलने २०२२ पासून प्रत्येक संस्थेस सामाईक १०० टीबीची मर्यादा घातली.

मराठी दस्तऐवजांचा प्रश्न :
श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या विंडोजवरील आज्ञावली फ्लेक्सवर थेट बसवता येत नाहीत. त्यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. शिवाय फ्लेक्स कायमची बसवताना हार्डडिस्कवरील पूर्वीचा सर्व मजकूर पुसला जातो. प्रश्नपत्रिका, इतिवृत्ते, लघुप्रबंध यांची दुसरी प्रत नसल्यास ते कायमचे गमावण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :
सारांश, प्रणाली बदलण्यापूर्वी जुन्या फाइलींची स्वतंत्र प्रत घ्यावी, त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून जोडाक्षरे तपासावीत आणि संबंधित फॉन्टसह एक विंडोज संगणक, इंटरनेटपासून अलग ठेवून, जपावा. एवढी पूर्वतयारी झाल्यास जुन्या यंत्रांचे आयुष्य वाढेल आणि विभागांचे मराठी लेखनही सुरक्षित राहील.