गंजलेल्या फोर्डची ‘हॉट रॉड’

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील गॅरेजात पत्र्याचे काम करतात. त्यामुळे मोटार दिसली की इतरांचे लक्ष रंगाकडे जाते, माझे पत्र्याकडे. अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ या प्रकाराने मला ओढून घेतले ते याच सवयीने.

१९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे ‘व्ही-एट’ इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसविले. ताकद ६५ अश्वशक्तीची. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्त झाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील पोरांनी त्यांची मडगार्डे उतरवली आणि म्युरॉक, एल मिराज येथील कोरड्या तळ्यांत शर्यती लावल्या. वजन कमी, वेग जास्त, एवढाच हिशेब! १९४८ साली या छंदाचे स्वतंत्र मासिकही निघाले.

सडलेली गाडी हाती आली की आधी सगळे सुटे करून गंज खरवडतात. पत्रा किती उरला हे तेव्हा कळते. तळाचा पत्रा आणि दारांच्या खालच्या कडा बहुधा गेलेल्या असतात, कारण पाणी तिथेच साचते. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडायचा. पण सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने पत्रा वाकतो. म्हणून अंतराअंतरावर टाके घालायचे, निवू द्यायचे, पुन्हा घालायचे. गंजावरच लांबी भरून रंग मारणाऱ्याला वडील म्हणतात, “मढ्याला पावडर लावतोय.”

छत बुटके करायचे तर खांब मधेच कापतात. खांब तिरपे असल्याने वरची-खालची टोके जुळत नाहीत, ती जुळविण्यातच कारागिराची परीक्षा. चासीच्या उघड्या पन्हळीसारख्या पट्ट्या आतून पत्रा लावून बंद करतात, नाहीतर मोठ्या इंजिनाने त्या पिळवटतील. आणि ब्रेक! फोर्डने तेलाचे ब्रेक दिले ते १९३९ पासून. त्याआधीच्या गाडीत ते बदलल्याशिवाय इंजिन वाढविणे हा मला निव्वळ वेडेपणा वाटतो.

धडधाकट जुनी गाडी कापू नये, असे माझे मत आहे. निम्मी भंगारात गेलेली असेल तर खुशाल कापावी. आपल्याकडे मात्र जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कारखान्याच्या मूळ घडणीत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. वडिलांना त्याचे दुःख नाही. त्यांचे दुःख वेगळे आहे. हल्ली चेपलेले दार कोणी ठोकत नाही, नवे आणून बसवतात. बुटक्या छताच्या फोर्डचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “खांब जुळवायला किती दिवस लागले रे?”