समुद्र दिसेल अशी खोली

नेसरीच्या एसटी स्टँडवर मला हल्ली बँकेपेक्षा बोटीबद्दल जास्त विचारलं जातं. ‘सायेब, बोटीतनं जाऊन आलासा म्हणं?’ अशी सुरुवात होते आणि ‘किती खर्च आला?’ इथं गाडी थांबते. समुद्र कसा होता, हे कुणी विचारत नाही. एका अर्थी बरंच आहे. कारण त्याचं उत्तर देताना माझी जरा पंचाईत होते.

१६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार आमच्या खिंडीत पडले. त्यामुळे नेसरी म्हटलं की लोकांना घोडे आठवतात. बोट कुणाला आठवण्याचं कारण नाही. समुद्र आमच्याकडे यायचा तो घाट चढून, मीठ आणि सुकी मासळी होऊन. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, बैलगाडीनं आंबोली घाट उतरत. आठ-नऊ वर्षांची असताना आई एकदा गाडीत बसून आंबोलीपर्यंत गेली होती. तिथल्या टोकावरून कुणीतरी तिला बोट करून दाखवलं, ‘त्यो बघ दर्या.’ तिला दिसली ती उन्हात चकाकणारी एक रेघ. पुढे तिनं वेंगुर्ल्याचा, गोव्याचा किनारा पाहिला, पायही भिजवले. पण तिच्या डोक्यात वेगळंच होतं. कुठंच जमीन दिसत नाही, असा समुद्र तिला बघायचा होता.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही निघालो. आई ब्याऐंशी वर्षांची, मी आणि आमची ही. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. चंदगडवरून चार-पाच तासांत गाठता येणाऱ्या गोव्याला जायचं म्हणून आधी कोल्हापूरला आणि तिथून रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलेलं जगातलं हे बहुधा एकमेव कुटुंब असावं. गाव अजून हसतं.

तेहतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस सहलीची तयारी कशी करतो? तक्ता आखून. एका रकान्यात खोलीचा प्रकार, दुसऱ्यात दर, तिसऱ्यात फरक. अशा जहाजांवर साधारण चार प्रकारच्या खोल्या असतात. आतल्या बाजूची बिनखिडकीची, बंद काचेच्या खिडकीची, बाल्कनीची आणि मग श्रीमंतांची. जेवण सगळ्यांना तेच, नाचगाण्याचे कार्यक्रम तेच, डेक तोच. मग झोपण्यापुरत्या खोलीला जास्त पैसे कशाला? मी बिनखिडकीची घेतली. तिघांचे मिळून साडेनऊ हजार वाचले. तो आकडा मी वहीत लाल शाईनं अधोरेखित केला होता.

खोली स्वच्छ होती, गार होती. आईनं पलंगावर बसून चारी भिंतींकडे पाहिलं आणि विचारलं, ‘समुद्र कुठल्या अंगाला आला रं?’

जहाज सुटलं संध्याकाळी. मुंबईचे दिवे मागे पडले आणि अंधार झाला. अंधारातला समुद्र म्हणजे नुसता वारा आणि आवाज. डेकवर मोठ्यानं गाणी लावलेली. आई पाच मिनिटांत म्हणाली, ‘खाली चल.’ बिनखिडकीच्या खोलीत दिवा मालवला की पहाट आणि मध्यरात्र सारखीच. तीन वाजता ती अंघोळ करून, लुगडं नेसून तयार बसली होती. उजाडलं असं समजून. मी तिला परत झोपवलं. आणि साडेसहाला जेव्हा खरंच उजाडत होतं, तेव्हा ती गाढ झोपली होती. मला उठवायला जीव झाला नाही. ती वर आली तेव्हा किनारा दिसू लागला होता. परतीच्या प्रवासातही असंच काहीसं झालं.

मी १९८२ साली पणजीहून मुंबईला स्टीमरनं गेलो होतो, नोकरीच्या पहिल्या ट्रेनिंगला. डेकचं तिकीट. पत्र्याची ट्रंक उशाला, सतरंजी लोखंडी तक्तपोशीवर, शेजारी कोंबड्यांची डालगी. चोवीस तासांच्या आसपास प्रवास, आणि त्यातला बहुतेक वेळ डोळ्यांसमोर पाणी. पाहायचं नाही म्हटलं तरी सुटका नव्हती. त्या बोटींवर सर्वांत स्वस्त तिकिटाला समुद्र फुकट होता, आणि पैसेवाले आत केबिनमध्ये कोंडलेले असत. आता उलट झालंय, हे माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

म्हणून हल्ली कुणी फोनवरची जाहिरात दाखवत आलं की मी आधी पैशांचं बोलत नाही. घरातून कोण कोण जाणार आणि त्यातल्या कुणाला काय हवंय, ते विचारतो. मुलांना पोहायचा तलाव आणि आइस्क्रीम हवं असेल, तर आतली खोली उत्तम. ती खोलीत थांबणारच नाहीत. म्हातारं माणूस असेल, गुडघे दुखत असतील, तर ते दिवसातले सोळा तास खोलीतच असणार. त्याची खोली हीच त्याची सहल. खिडकीच्या खोलीतही एक मेख असते. काही खिडक्यांच्या समोर लाइफबोट टांगलेली असते आणि दिवसभर तिचं पिवळं पोट बघत बसावं लागतं. तेव्हा जहाजाचा नकाशा मागून खोलीचा नंबर बघूनच पैसे भरावेत. पोट ढवळणाऱ्यांनी खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. टोकाला आणि वर हेलकावा जास्त. गोळी घ्यायची ती जहाज सुटण्याच्या आधी, आणि रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी गोळीसकट बाहेर येते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. दोन रात्रींच्या सहलीत जहाज बरंचसं अंतर रात्री कापतं आणि दिवसा बंदरात उभं राहतं. मुरगावला आम्ही खिडकीशिवाय पाहिलं ते क्रेन आणि कोळसा. ज्याला पाणी बघायचंय त्यानं एक अख्खा दिवस समुद्रात जाईल अशी फेरी निवडावी. बंदरातली बसची सहल जहाजावाल्यांकडूनच घ्यायची सक्ती नसते. आपण दहा वेळा पाहिलेलं गाव असेल तर उतरूच नये. सगळे उतरतात तेव्हा जहाज रिकामं, डेक शांत आणि चहाला रांग नाही.

लक्षद्वीपच्या फेरीबद्दल पुष्कळ जण विचारतात. तिथं मोठं जहाज बेटाला लागत नाही; लांब उभं राहतं आणि लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. हलणाऱ्या जहाजातून हलणाऱ्या होडीत पाऊल टाकायचं असतं. ज्यांना एसटीची पायरी चढताना हात द्यावा लागतो, त्यांनी याचा विचार करावा. समुद्र खवळला तर उतरणं रद्दही होतं. बेटावर जायला परवाना लागतो. तो कोण काढणार, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

ऋतूचं आमच्या आजोबांनाही ठाऊक होतं. जून ते सप्टेंबर अरबी समुद्राच्या वाटेला जाऊ नये. रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली ती १७ जुलै १९४७ रोजी. सहाशेंहून जास्त माणसं गेली. आजही बोट म्हटलं की घाटावरच्या म्हाताऱ्या ‘रामदास’ म्हणतात. २०२३ च्या जूनमध्ये इकडे पावसाळा लागत असताना जहाज चेन्नईहून श्रीलंकेच्या फेरीवर निघालं होतं, ते उगाच नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे शांत महिने. चढल्यावर लाइफ जॅकेटची कवायत घेतात, तेव्हा पुष्कळ जण फोटो काढत उभे असतात. त्यांनी तेवढी दहा मिनिटं फोन खिशात ठेवावा.

आता पैसे. जाहिरातीतला दर माणशी असतो, आणि तोही खोलीत दोघं धरून. एकटा माणूस गेला तर त्याला बरेचदा दोघांच्या जवळपास पैसे पडतात. त्यावर बंदराचे आकार, सेवा आकार किंवा टीप, जीएसटी. माझ्या वहीप्रमाणे जाहिरातीतला आकडा आणि भरलेला आकडा यांत पस्तीस टक्क्यांचा फरक पडला. चढल्यावर रोख फारशी चालत नाही; खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो. ज्यूस, इंटरनेट, मुलांचे खेळ, सगळं त्या कार्डावर, आणि बिल शेवटच्या सकाळी. रोज झोपण्यापूर्वी काउंटरवर जाऊन खातं बघावं. पासबुक न भरणाऱ्या खातेदारांना मी जन्मभर हेच सांगत आलो.

आणखी एक. वर्ष-दीड वर्ष आधी सगळी रक्कम गुंतवू नका, मग सवलत कितीही असो. मुंबई-गोवा मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये मोठ्या कौतुकानं ‘आंग्रिया’ सुरू झाली; २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘जलेश’ कंपनीचं ‘कर्णिका’ आलं. २०२० सालच्या कोरोनानं दोन्ही थांबली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ‘कॉर्डेलिया’नं ‘एम्प्रेस’ आणलं, ते मूळचं १९९० साली बांधलेलं जहाज. हा धंदाच भरती-ओहोटीचा आहे. म्हणून रद्द करण्याच्या अटींचं पान आधी वाचा, पैसे कार्डानं भरा, पावती जपा.

सिंगापूर किंवा युरोपातून निघणाऱ्या जहाजांचा मोह बऱ्याच जणांना होतो. मुलं परदेशात असली की तिकीटही तीच काढतात. व्हिसाची एक गोष्ट मात्र आईवडिलांनी स्वतः तपासावी. जहाज त्या देशाबाहेर जाऊन परत तिथंच आणून सोडत असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. पासपोर्टला किमान सहा महिने शिल्लक हवेत. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापतात. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. आणि जहाज फार मोठं असलं की चालणंही फार. २०२४ पासून फिरणाऱ्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ची लांबी ३६५ मीटर आणि मजले वीस, जेवायला जाऊन येईपर्यंत आमच्या आईला पुन्हा भूक लागेल.

मुंबईत एक दिवस आधी पोचा. बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून जवळ आहे, पण रेल्वे उशिरा आली तर जहाज थांबत नाही. औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बाकी सामान खोलीत यायला संध्याकाळ होते. घरचे लाडू-चिवडा बहुधा आत नेऊ देत नाहीत. आमचा एक डबा धक्क्यावरच हमालाला देऊन टाकावा लागला.

येत्या जानेवारीत पुन्हा जायचं मी ठरवलं आहे. या वेळी तीन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस पाण्यात. परवा वही घेऊन बसलो होतो. खिडकीची खोली, मधल्या मजल्यावर, समोर लाइफबोट नाही, हे सगळं नंबरासकट लिहून काढलं आणि आईला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘खिडकी उघडती काय रं ती?’

उघडत नाही, म्हणालो. जाड काच असते, कायमची बसवलेली.

‘मग वारं?’

एजंटाला फोन लावला आणि बाल्कनीच्या खोलीचा फरक विचारला. तिघांचे मिळून सव्वीस हजार. आई समोरच बसून शेंगा फोडत होती. मी वहीतली ‘खिडकी’ खोडली.