पणज्याचं नाव कागदावर कसं शोधायचं?

मुलगी बारावी होते, पुढच्या शिक्षणासाठी जात पडताळणी लागते, आणि मग घरात पेट्या उघडल्या जातात. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तो शोधता शोधता राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात, म्हणजे १९०१ च्या आधी जन्मलेल्या पणज्यापर्यंत पोचता येतं.

बाबुराव शेडमाके इंग्रजांशी लढले. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांद्यात फाशी दिली, म्हणून त्यांचं नाव सरकारी कागदात आलं. आपला पणजा साधा कास्तकार. त्याचं नाव सापडेल ते जमिनीच्या आणि जन्म-मृत्यूच्या कागदात.

शोध आपल्यापासून मागे न्यायचा. आधी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. मग आज्याच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. आजा शाळेत गेलाच नसेल, तर कोतवाल बुक बघायचं. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिलेले असतात. समजा, पणज्याच्या मृत्यूची नोंद १९२१ ची आहे आणि वय ६० लिहिलं आहे. म्हणजे जन्म १८६१ च्या आसपासचा. वय अंदाजानं सांगत, म्हणून पाच-सात वर्षं इकडेतिकडे धरायची.

त्याच्याही मागे जायला मिसल आहे. जमिनीची मोजणी करून सारा ठरवला, की गावाच्या कागदांचा गठ्ठा बांधत, ती मिसल. चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा अहवाल मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये दिला. पुढे पुन्हा बंदोबस्त झाले. मिसलीत कास्तकाराचं नाव, बापाचं नाव, जात आणि शेत मिळतं. नकलेसाठी तहसील किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा.

अर्जात जुना पत्ता लिहा. माजरी आज भद्रावती तालुक्यात आहे, पण जुन्या कागदात तहसील वरोरा आणि जिल्हा चांदा असतो. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, तिकडच्या मैत्रिणींनीही चांदाच बघावं. आडनाव बहुतेक वेळा नसतंच. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकीन’ म्हणजे राहणार. काही कागद मोडीत असतात, ते जाणकाराकडून वाचून घ्यावे. गावात नाव नाही मिळालं तर हिंमत सोडू नका. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं पोटासाठी गाव सोडून गेली. पणजा शेजारच्या मौज्यात सापडू शकतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. जात वडिलांकडून धरतात. म्हणून लग्न झालेल्या बाईला सासरचे कागद उपयोगी पडत नाहीत, माहेरचे लागतात. आणि त्याच कागदांत बाईचं नाव सगळ्यात कमी. मुलगी जन्मली की कितीदा नुसतं ‘मुलगी’ लिहून मोकळे झालेत. पणजीचं नाव दिसलं, तर बहुधा ती ‘बेवा’ झाल्यावर, शेत तिच्या नावावर चढल्यावर.

कागदात नाही ते म्हाताऱ्या बायांच्या तोंडी असतं. पणजी कोणत्या गावची, तिला किती लेकरं झाली, कोणतं लेकरू पटकीत गेलं, दुष्काळात कुठून कुठे आले. हे ऐकलं की कोणत्या गावचं कोतवाल बुक मागायचं ते कळतं. म्हणून यंदा माहेरी जाल तेव्हा वही न्या. आजी, आत्या, मोठ्या काकूजवळ बसा आणि चार पिढ्यांची नावं लिहून घ्या, बायकांची नावं आधी. कागदाची नक्कल पुढच्या महिन्यातही मिळेल. ऐंशी वर्षांच्या आजीची नक्कल मिळत नाही.