टाकाऊ ग्रंथांतून कलाकृति

पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करावयाचा, ही शिकवण आपणांपैकीं बहुतेकांस घरींच मिळालेली असते. जुने पोथीलेखक तर पोथीच्या शेवटीं, तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून माझें रक्षण करा, अशी विनंती पोथीच्याच तोंडून करवीत. अशा संस्कारांत वाढलेल्या मनाला, ग्रंथावर सुरी चालवून त्याचें शिल्प बनवितात हें ऐकून धक्का बसला, तर त्यांत नवल नाहीं. या कलेनें ग्रंथाचा अपमान होतो कीं सन्मान, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

ज्ञान पुढें जातें आणि छापलेलें पान मागें राहतें. राष्ट्रांच्या सीमा बदलल्या कीं नकाशे जुने होतात. नवीं औषधें आलीं कीं वैद्यकाचीं पुस्तकें निरुपयोगी ठरतात. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका' या विख्यात कोशाची ३२ खंडांची शेवटची छापील आवृत्ति २०१० सालची. पुढें छपाई थांबविल्याचें २०१२ सालीं जाहीर झालें. असे जाडजूड ग्रंथ अखेर रद्दीच्या तराजूंत पडतात व त्यांचा लगदा होतो.

अमेरिकन कलावंत ब्रायन डेटमर यांनीं नेमके असेच कोश हातीं घेतले. ते प्रथम ग्रंथाच्या कडा लेप देऊन बंद करतात. त्यामुळें पानें हलत नाहींत. मग धारदार सुरीनें एकेक थर कोरीत आंत जावयाचें, मनाजोगें चित्र किंवा शब्द दिसला कीं तेवढा राखावयाचा आणि भोंवतालचा कागद काढून टाकावयाचा. बाहेरचें कांहीं घालावयाचें नाहीं व आंतलें कांहीं जागचें हलवावयाचें नाहीं, हा त्यांचा नियम. जें दिसतें तें सारें मूळच्याच जागीं असतें.

इंग्रज चित्रकार टॉम फिलिप्स यांची रीत निराळी. १९६६ सालीं त्यांनीं लंडनच्या पेकहॅम राय भागांत तीन पेन्सांस एक जुनी कादंबरी विकत घेतली. ती डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची, १८९२ सालीं प्रसिद्ध झालेली, 'अ ह्यूमन डॉक्युमेंट'. फिलिप्स यांनीं तिचें प्रत्येक पान चित्रांनीं झांकून मोजकेच शब्द उघडे ठेविले आणि त्यांतून नवी कथा निर्माण केली. तिच्या नायकाचें नांव टोज. हीं अक्षरें इंग्रजी 'टुगेदर' व 'ऑलटुगेदर' या शब्दांच्या पोटांत आहेत. म्हणून हे शब्द ज्या पानावर असतील तेथेंच तो प्रकट होतो! 'अ ह्यूमुमेंट' या नांवाच्या या कृतीची शेवटची आवृत्ति २०१६ सालीं निघाली. तीन पेन्सांच्या पुस्तकावर पन्नास वर्षांची तपश्चर्या झाली.

२०११ सालीं एडिंबरो शहरांत ग्रंथालयें व अन्य संस्थांतून दहा कागदी शिल्पें गुपचूप ठेवलेलीं आढळलीं. पहिलें होतें पुस्तकावर उगवलेलें झाड, तें काव्याच्या ग्रंथालयांत. शिल्पकर्त्रीनें आपलें नांव सांगितलें नाहीं. सोबतच्या चिठ्ठ्यांतून मात्र ग्रंथालयें व पुस्तकें यांस पाठिंबा कळविला होता. येथें पुस्तक कापणारा हातच पुस्तकांचा कैवारी झाला.

म्हणून कापणें म्हणजे अवमानच, असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु जुनें तें सर्व टाकाऊ, असेंहि नाहीं. डॉ. केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड घ्या. त्यांतील कित्येक माहिती आज मागें पडली असली तरी त्या काळचा महाराष्ट्र जगाकडे कसा पाहत होता, हें तेच सांगतात. जुनी चूकसुद्धां इतिहासाचा पुरावा असते, आणि एकदां कापलेलें पान पुन्हा जुळत नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, सुरी उचलण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रती ग्रंथालयांत आहेत काय? यावर कोणाचें हस्तलेखन किंवा टीपा आहेत काय? जाणत्या ग्रंथपालास तें दाखविलें काय? हस्तलिखित किंवा दुर्मिळ ग्रंथास हात लावूं नये. कालबाह्य वेळापत्रकें व मागें पडलेलीं मार्गदर्शकें मात्र खुशाल घ्यावीं. पण तींहि आधीं पानोपान चाळावीं. कारण आंत काय आहे हें ज्यानें वाचलें नाहीं, त्याला काय राखावयाचें हें कसें कळणार?