दगडी, सडातली ट्यूब आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू

म्हशीची कास तापली, सडातून दुधाच्या गाठी येऊ लागल्या की गोठ्यात पहिला शब्द निघतो तो ‘दगडी’. म्हणजेच कासदाह. कोल्हापूर जिल्ह्यात कितीतरी घरं दुधाच्या बिलावर चालतात, त्यामुळे वाट पाहायला कुणाला सवड नसते. दुकानातून प्रतिजैविकाची ट्यूब येते, सडात सोडली जाते, सूज उतरली की थांबते. काही आठवड्यांनी दगडी परत येते आणि तीच ट्यूब लागू पडत नाही. मग म्हणतात, जनावराला औषधाची सवय झाली.

सवय जनावराला होत नाही. बदललेले असतात ते जिवाणू.

दगडी करणाऱ्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा नेहमीचा जिवाणू. कासेत त्याची संख्या कोट्यवधींत जाते. दर विभागणीत डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात, पण एखादीमुळे त्या जिवाणूवर औषध चालत नाही. प्रतिजैविक बाकीच्यांना मारतं, हा उरतो आणि मोकळ्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. बदल आधी झालेला असतो, औषध फक्त निवड करतं. पेनिसिलिनचा वापर सर्रास होण्याआधीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांना ते तोडणारं विकर जिवाणूत सापडलं होतं. काही जिवाणू असं औषध तोडतात, काही ते पेशीबाहेर फेकतात, तर काही औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलतात.

खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. प्रतिकाराची ही जनुकं पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात आणि त्या कड्या एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देतो. २००८ साली स्वीडनमधल्या एका रुग्णात, जो आधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, जिवाणूंमध्ये एनडीएम-१ हे असंच एक जनुक आढळलं. कार्बापेनेमसारखी राखीव औषधंही ते निकामी करतं. काही वर्षांतच ते अनेक खंडांत दिसलं.

गोठ्यातून या जनुकांना वाट कशी फुटते? उपचार चालू असलेल्या जनावराचं दूध गावच्या दूध संस्थेत घालता येत नाही, म्हणून ते वासराला पाजलं जातं. त्यातल्या औषधाच्या अंशाने वासराच्या आतड्यात तीच निवड घडते. शेण उकिरड्यावर, तिथून शेतात जातं आणि पावसाचं पाणी ते पंचगंगेत नेतं. नरसोबाच्या वाडीला ही नदी कृष्णेला मिळते. शहरांचं सांडपाणीही त्याच पात्रात येतं, म्हणजे माणसांचे आणि जनावरांचे जिवाणू एकत्र. आणि उपचारातलं दूध कुणी चुकून संस्थेत घातलं तर? उकळल्याने जिवाणू मरतात, पण औषधाचा अंश पूर्ण जात नाही. अशा दुधाला कधी कधी विरजणसुद्धा लागत नाही.

माझ्या मते सगळ्यात कमी खर्चाचा उपाय धारेच्या वेळचा आहे. धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं, म्हणून सड जंतुनाशकात बुडवावेत आणि जनावर बसू नये यासाठी तेव्हाच पुढ्यात वैरण टाकावी. तरीही दगडी आलीच तर ट्यूब सोडण्याआधी दुधाचा नमुना पशुवैद्यकामार्फत प्रयोगशाळेत द्या. कोणतं औषध चालेल ते तिथे कळतं. सांगितलेला उपचार मध्येच सोडू नका, आणि पाकिटावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत ते दूध संस्थेतही घालू नका, वासरालाही पाजू नका.